ग्रामपंचायतीचा भांडवली खर्च : मंजुरी आणि तपासणी

इतिहासाच्या पुस्तकात साखरखेर्ड्याचे नाव येते ते १७२४ सालच्या लढाईमुळे. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात निजाम-उल-मुल्क आणि मुबारिज खान यांची येथे गाठ पडली, मुबारिज खान मारला गेला आणि दख्खन निजामाच्या हाती राहिले. वऱ्हाडच्या रयतेने तेव्हाही सारा भरला होता. पण तो पैसा फौजेवर गेला की विहिरीवर, हे विचारण्याची सोय तिला नव्हती. आज ती सोय आपल्याला आहे. मात्र आपण ती किती वापरतो, हा प्रश्न आहे. राज्यशास्त्राच्या तासाला आपण पंचायतराज्याचे तीन स्तर पाठ करतो. पण आपल्या गल्लीतला रस्ता कोणी मंजूर केला आणि कोणी मोजला, हे आपल्याला सांगता येत नाही. प्रस्तुत लेखाचा हेतू एवढाच की, हा मार्ग पायरीपायरीने पाहावा.

भांडवली खर्च म्हणजे काय?

दिवाबत्तीचे बिल, शिपायाचा पगार, गटार उपसण्याची मजुरी हा चालू खर्च. तो दरवर्षी होतो आणि त्याच वर्षी संपतो. रस्ता, पाण्याची टाकी, शाळेची खोली, स्मशानशेड यांवरचा खर्च भांडवली. तो एकदा होतो आणि त्याचा उपयोग पुढे अनेक वर्षे होत राहतो. आपल्याच तालुक्यात सिंदखेड राजा येथे जाधवांच्या काळचा मोती तलाव आहे. त्याच्यावर खर्च करणारी पिढी केव्हाच गेली. तलाव मात्र उरला. भांडवली खर्च चांगला झाला तर असा टिकतो. उलट तो वाईट झाला तर त्याची चूकही तितकीच टिकते. म्हणून त्याची तपासणी अधिक काटेकोर हवी.

कायद्याची चौकट

वऱ्हाडात पूर्वी १९४६ चा मध्यप्रांत व वऱ्हाड पंचायत कायदा होता. पुढे १९५८ चा मुंबई ग्रामपंचायत अधिनियम आला. तोच आज महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम म्हणून ओळखला जातो. १९९३ साली अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींना घटनेत स्थान दिले. त्यातील कलम २४३-आय वित्त आयोगाविषयी, तर २४३-जे हिशेब व लेखापरीक्षणाविषयी आहे.

पैसा मुख्यतः दोन वाटांनी येतो. पहिली वाट म्हणजे गावाचे स्वतःचे उत्पन्न, घरपट्टी, पाणीपट्टी, बाजार फी इत्यादी. दुसरी वाट शासनाच्या अनुदानाची. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी दिलेल्या निधीपैकी ६० टक्के भाग पाणी व स्वच्छता यांसाठी बांधून दिला होता. उरलेला ४० टक्के गावाच्या गरजेप्रमाणे वापरता येत असे, मात्र पगार व आस्थापनेवर नाही. महाराष्ट्रात या निधीचा ८० टक्के वाटा ग्रामपंचायतींना आणि प्रत्येकी १० टक्के पंचायत समिती व जिल्हा परिषद यांना, अशी वाटणी होती. तेव्हा ग्रामपंचायतीकडे पैसाच नसतो ही तक्रार आता पूर्वीइतकी खरी नाही.

एका रस्त्याची गोष्ट

समजा, एका वस्तीत २०० मीटर लांब आणि ३ मीटर रुंद काँक्रीट रस्ता करायचा आहे. हे काम प्रथम गावाच्या विकास आराखड्यात यावे लागते, आणि आराखड्याला ग्रामसभेची मान्यता लागते. त्याची तरतूद अंदाजपत्रकात होते. अंदाजपत्रक पंचायतीच्या सभेत ठेवले जाते आणि पुढे पंचायत समितीकडे जाते. नंतर अभियंता जागेवर येऊन खर्चाचा अंदाज तयार करतो.

येथे दोन मान्यतांतील फरक समजून घेतला पाहिजे. ‘हे काम करायचे आणि त्यावर एवढा पैसा घालायचा’ हा निर्णय म्हणजे प्रशासकीय मान्यता. ‘हे काम या नकाशाप्रमाणे, या दराने, नीट होऊ शकते’ असे अभियंत्याने सांगणे म्हणजे तांत्रिक मान्यता. पहिलीत लोकांची इच्छा आहे, दुसरीत शास्त्र आहे. एकीवाचून दुसरी लंगडी. दोन्ही झाल्या की, शासनाने घालून दिलेल्या मर्यादेपेक्षा काम मोठे असेल तर ई-निविदा निघते, दर स्वीकारले जातात आणि कार्यारंभ आदेश दिला जातो.

काम सुरू झाल्यावर अभियंता मोजमाप घेतो व मोजमाप वहीत नोंद करतो. या वहीवरच बिल ठरते. बिल पंचायतीने मंजूर केल्यावर सरपंच व सचिव (ज्यांना आपण ग्रामसेवक म्हणत आलो) या दोघांच्या सहीने पैसे निघतात. एकट्याच्या सहीने ते निघत नाहीत, ही कायद्याने ठेवलेली एक साधी पण मोलाची कडी आहे.

जाडी कोण मोजणार?

आता थोडे गणित करू. अंदाजात काँक्रीटची जाडी १५ सेंटिमीटर धरली असेल, तर २०० गुणिले ३ गुणिले ०.१५ म्हणजे ९० घनमीटर काँक्रीट लागते. प्रत्यक्षात जाडी १० सेंटिमीटरच पडली, तर ६० घनमीटरच लागते. एक तृतीयांश काँक्रीट कमी! गंमत अशी की, लांबी व रुंदी कोणीही टेप घेऊन दहा वर्षांनीही मोजू शकेल. जाडी मात्र काम उघडे असेपर्यंतच सहज दिसते. एकदा रस्ता झाला, कडेला मुरूम पडला, की तो भोके पाडून तपासावा लागतो.

यातून एक तत्त्व निघते. तपासणी कोण करतो याइतकेच ती केव्हा होते याला महत्त्व आहे. लेखापरीक्षक येतो तेव्हा काम झालेले असते. तो ठराव, निविदा, मोजमाप वही, प्रमाणक पाहतो. कागदांचा मेळ लागतो की नाही ते सांगतो. त्याचे आक्षेप महत्त्वाचेच आहेत. पंचायतीच्या पैशाचे नुकसान किंवा गैरवापर झाला तर जबाबदार व्यक्तीकडून वसुलीची तरतूदही अधिनियमात आहे. पण झाकल्या गेलेल्या पायाची साक्ष कागद देत नाही. ती साक्ष त्या वस्तीत राहणाराच देऊ शकतो, आणि तीही त्याच आठवड्यात.

विसरलेला खर्च

दुसरी चूक मंजुरीच्या वेळीच होते. टाकी मंजूर झाली की पेढे वाटले जातात. पण पंप चालवण्याचे वीजबिल, पाणी सोडणाऱ्याचे मानधन, ब्लीचिंग पावडर, फुटलेल्या नळाची दुरुस्ती हे सारे दरमहा लागणार असते, आणि त्याचा मोठा भार गावाच्या स्वतःच्या उत्पन्नावर येतो. पाणीपट्टी वसूल झाली नाही, तर नवी टाकी कोरडी उभी राहते. म्हणून प्रत्येक भांडवली कामाच्या ठरावाबरोबर ‘हे चालवायला वर्षाला किती लागेल आणि ते कोठून येईल?’ हा प्रश्न विचारला गेला पाहिजे. आपली थकलेली पट्टी हाही या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग आहे, हे विसरून चालणार नाही.

ग्रामसभा : आपली जागा

कायद्याने वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. आर्थिक वर्षाच्या पहिल्या सभेत मागील वर्षाचा जमाखर्च, प्रशासन अहवाल, नव्या वर्षाची कामे आणि लेखापरीक्षणाचे शेरे ठेवायचे असतात. सभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घ्यायची असते. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल ती. साखरखेर्ड्यासारख्या हजारो मतदारांच्या गावात शंभर माणसे पुरतात. आणि तीही जमली नाहीत तर सभा तहकूब होते. तहकूब सभेला गणपूर्तीची अट उरत नाही. म्हणजे आपण गेलो नाही म्हणून निर्णय थांबत नाही. तो आपल्यावाचून होतो, इतकेच.

याच्या उलट उदाहरण अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारचे. तेथे १९९० च्या सुमारास श्री. पोपटराव पवार सरपंच झाल्यापासून ग्रामसभा हा गावाच्या कारभाराचा कणा बनला. पावसाच्या आकड्यांवरून पाण्याचा ताळेबंद गावासमोर मांडायचा आणि त्यावरून पिके ठरवायची, हा त्या गावाचा शिरस्ता सर्वांना ठाऊक आहे. ज्या गावाला पाण्याचा हिशेब ऐकण्याची सवय आहे, त्याला पैशाचा हिशेब ऐकणे जड जात नाही.

मित्रहो, आपल्यापैकी बहुतेकांना अठरा वर्षे पूर्ण झाली आहेत. म्हणजे आपण ग्रामसभेचे सभासद आहोत. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने अंदाजाची व मोजमाप वहीची प्रत मागता येते. ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर आराखडा पाहता येतो. भांडण करायला जाण्याची गरज नाही. पुढच्या सुटीत गावी गेल्यावर वस्तीत काम चालू असेल, तर अंदाजाची प्रत आणि एक टेप घेऊन तेथे उभे राहावे आणि जाडी किती धरली आहे ते नम्रपणे विचारावे. चांगले काम करणाऱ्या सरपंचाला या प्रश्नाचा आनंदच होईल. आणि पंचायतराज्याचा जो धडा आपण परीक्षेपुरता वाचला, तो त्या दिवशी खऱ्या अर्थाने समजेल.