मराठीतील संकेतार्थ आणि इंग्रजीतील सोपाधिक वाक्ये : अध्यापनाच्या दृष्टीने काही विचार

इंग्रजीच्या उत्तरपत्रिकांत 'इफ'ने आरंभ होणारी वाक्ये मोठ्या प्रमाणावर चुकतात, ही तक्रार महाविद्यालयीन अध्यापकांत जुनी आहे. तिचे निदान बहुधा 'नियम पाठ नाहीत' असे केले जाते. ते अपुरे आहे. या चुकांपैकी बऱ्याच चुका नियमबद्ध असतात. फरक एवढाच, की तो नियम मराठीचा असतो. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ मध्ये मराठीचे व्याकरण रचताना इंग्रजी व्याकरणाचा साचा डोळ्यांसमोर ठेवला होता, हे सर्वश्रुत आहे. उलट दिशेचा प्रवास मात्र, म्हणजे इंग्रजी शिकविताना मराठी व्याकरणाचा आधार घेणे, आपल्या वर्गांतून क्वचितच घडतो.

पुणे-सातारा महामार्गावरील किकवीसारख्या गावातील विद्यार्थी घ्यावा. भोर तालुक्यातील या मुलाच्या कानावर आषाढात हमखास पडणारे वाक्य म्हणजे 'पाऊस पडला तर लावणी होईल.' येथे 'पडला' हे रूप भूतकाळाचे, पण अर्थ भविष्याचा. पाऊस अजून पडावयाचा आहे आणि बोलणाऱ्याला तो पडण्याची आशा आहे. मराठीत खुली, शक्य कोटीतील अट अशी भूतकालीन रूपाने सांगितली जाते. इंग्रजी तेथे वर्तमानकाळ योजते : 'इफ इट रेन्स'. याउलट 'इफ इट रेन्ड' असे भूतकालीन रूप भविष्याविषयी वापरले की इंग्रजीत अट दूर जाते. वक्त्याला ती फारशी संभाव्य वाटत नाही, असा ध्वनी उमटतो. एकच भूतकालीन रूप दोन भाषांत परस्परविरुद्ध मनोवृत्ती दर्शविते, ही बाब पाठ्यपुस्तकांच्या कोष्टकात सहसा सापडत नाही.

हा प्रश्न केवळ गुणांचा नव्हे. 'मला ही शिष्यवृत्ती मिळाली तर मी शिक्षण पूर्ण करीन' हे आशेचे वाक्य विद्यार्थी अर्जात 'इफ आय गॉट धिस स्कॉलरशिप, आय वुड कम्प्लीट माय एज्युकेशन' असे उतरवितो. व्याकरणदृष्ट्या त्यात दोष काढता येणार नाही, परंतु वाचणाऱ्याला अर्जदार स्वतःच साशंक वाटतो. चूक दिसत नसल्यामुळे ती दुरुस्तही होत नाही, आणि हीच चूक अधिक घातक म्हटली पाहिजे.

दुसरी अडचण खऱ्या संकेतार्थाची. 'पाऊस पडला असता तर लावणी झाली असती' या वाक्यात 'असता-असती' ही रूपे दोन्ही उपवाक्यांत येतात. मराठीची रचना येथे समतोल आहे; दोन्ही पारडी सारखी. इंग्रजीची तशी नाही. अटीच्या उपवाक्यात 'हॅड रेन्ड' आणि फलाच्या उपवाक्यात 'वुड हॅव ट्रान्सप्लांटेड'. मराठीचा समतोल अंगवळणी पडलेला विद्यार्थी 'इफ इट वुड हॅव रेन्ड' असे लिहितो. (अमेरिकेतील बोलण्यातही ही रचना ऐकू येते, लेखनात मात्र ती अशुद्धच मानली जाते.) 'वुड'ला अटीच्या उपवाक्यात सर्वस्वी मज्जाव आहे असेही नाही. विनंतीत, समोरच्याच्या राजीखुशीचा प्रश्न असता, 'इफ यू वुड वेट' हे शिष्टसंमत आहे. हा अपवाद न सांगता नियम घोकून घेतला की चौकस विद्यार्थ्याचा त्यावरील विश्वास उडतो.

याहून सूक्ष्म असा तिसरा भेद काळाचा आहे. 'विहीर असती तर ऊस लावला असता' हे वाक्य आज विहीर नसलेला शेतकरी आजच्या परिस्थितीविषयी बोलू शकतो, आणि दहा वर्षांपूर्वी विहीर नव्हती म्हणून हळहळणाराही तेच बोलू शकतो. मराठी संकेतार्थाला अवास्तवता दाखवावयाची असते. काळ संदर्भावरून कळतो. इंग्रजीला ही मोकळीक नाही. पहिल्यासाठी 'इफ आय हॅड अ वेल, आय वुड प्लांट शुगरकेन', दुसऱ्यासाठी 'इफ आय हॅड हॅड अ वेल, आय वुड हॅव प्लांटेड शुगरकेन'. तेव्हा भाषांतरापूर्वी 'आज, की तेव्हा?' हा प्रश्न विद्यार्थ्याने स्वतःला विचारावयास हवा. तो मराठीला पडत नाही, म्हणून त्यालाही पडत नाही. अशा वाक्यांना 'दुसरा प्रकार', 'तिसरा प्रकार' अशी क्रमांकवारी देण्याने या प्रश्नाची जागा भरून निघत नाही.

संकेतार्थाची रूपे शिकविताना तृतीय पुरुष घेणे सोयीचे. 'मी असतो' हे पुल्लिंगी रूप वर्तमानाचेही आहे आणि संकेतार्थाचेही. परंतु 'तो घरी असतो' आणि 'तो घरी असता तर' यांत भेद स्पष्ट दिसतो.

'जर म्हणजे इफ, तर म्हणजे देन' हे समीकरणही तपासले पाहिजे. मराठीत 'जर' गाळता येतो, 'तर' सहसा गाळता येत नाही. इंग्रजीत 'इफ' अटळ आणि 'देन' बहुधा अनावश्यक. 'येईन मी, वेळ मिळाला तर' अशी उलट मांडणी केली असता 'तर' अटीच्याच शेपटाला चिकटून राहतो, फलाकडे जात नाही. म्हणजे अटीची खूण वाहण्याचे काम मराठीत मुख्यतः 'तर' करतो. विद्यार्थ्यांच्या इंग्रजीत 'इफ'च्या पाठोपाठ प्रत्येक वेळी 'देन' का येतो, याचे उत्तर येथे आहे. शासकीय मराठीतील 'आढळल्यास', 'न आल्यास' ही रूपे तर 'जर' आणि 'तर' या दोहोंनाही रजा देतात.

नकाराच्या बाबतीत 'पाऊस पडल्याशिवाय लावणी होणार नाही' हे वाक्य इंग्रजी 'अनलेस'ला जवळचे आहे. 'शिवाय'मध्ये एक नकार सामावलेला असल्याने 'पडल्या'ला वेगळा नकार लागत नाही. परंतु 'जोपर्यंत पाऊस पडत नाही, तोपर्यंत लावणी होणार नाही' ही रचना दोन्हीकडे 'नाही' मागते, आणि तिच्यावरूनच 'अंटिल इट डज नॉट रेन' किंवा 'अनलेस इट डज नॉट रेन' अशी वाक्ये जन्मतात. येथे अध्यापकाने आधी मराठी वाक्य 'शिवाय'मध्ये बदलून घ्यावे आणि मग भाषांतर करावयास सांगावे. मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' (१९११) हाताशी असलेल्या मराठीच्या अध्यापकाला हे काम इंग्रजीच्या अध्यापकापेक्षा अधिक सहज जमेल. राज्यातील मराठी शाळांत २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकविले जात असल्याने दोन्ही विषयांच्या अध्यापकांनी एकाच फळ्यावर ही वाक्ये शेजारी शेजारी लिहिणे आता शाळेतच सुरू करता येण्याजोगे आहे.