छापील किंमत, खरी किंमत

तुमच्यापैकी जे अकरावीत, म्हणजे इथल्या ज्युनिअर इयरला आहेत, त्यांच्या घरी कॉलेजचा विषय एव्हाना निघाला असेल. आई-बाबांशी बोलताना कधी असं वाटतं का, की आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय पण दोघांच्या डोक्यात वेगवेगळं काहीतरी आहे? तसं वाटणं साहजिक आहे.

तुमच्या आई-बाबांपैकी बरेच जण माझ्यासारखेच महाराष्ट्रात शिकले. आमच्या वेळी इंजिनिअरिंगला जायचं तर आधी बारावी, मग मेरिट लिस्ट. लिस्टमध्ये तुमचा नंबर कितवा यावर कॉलेज ठरायचं. निबंध नाही, शिफारसपत्र नाही, तुम्ही शनिवारी काय करता हे कोणी विचारायचं नाही. फीचंही तसंच. कॉलेजची फी किती ते कागदावर लिहिलेलं असायचं आणि ती सगळ्यांना माहीत असायची. सवलत हवी असेल तर तहसीलदार कचेरीतून उत्पन्नाचा दाखला काढायचा, अर्जाला जोडायचा. नियमात बसलात तर सवलत, नाहीतर पूर्ण फी.

त्यामुळे अमेरिकेतल्या एखाद्या कॉलेजच्या वेबसाइटवर वर्षाला ८६,००० डॉलर हा आकडा दिसला, की आई-बाबा एकतर म्हणतात, "छे, हे आपल्यासाठी नाही," किंवा म्हणतात, "बघू, कर्ज काढू." दोन्ही वेळा ते त्या आकड्यावर विश्वास ठेवतात. पण ती फक्त छापील किंमत असते. पुस्तकाच्या मागे जी किंमत छापलेली असते तिला आपण छापील किंमत म्हणतो. दुकानदार त्यावर सूट देतो, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला वेगळी देऊ शकतो. इथल्या कॉलेजांचं बरंचसं तसंच आहे.

मग आपल्या घराला किती पडेल हे कसं कळणार? सरकारी आर्थिक मदत घेणाऱ्या प्रत्येक कॉलेजच्या वेबसाइटवर २०११ पासून नेट प्राइस कॅल्क्युलेटर असणं कायद्याने बंधनकारक आहे. घरचं उत्पन्न, बचत, घरात माणसं किती, असे प्रश्न तो विचारतो आणि अंदाजे खरी किंमत सांगतो. अंदाजच, वचन नाही. तरीही एका संध्याकाळी आई किंवा बाबांना शेजारी बसवून तीन कॉलेजांचे आकडे काढा. कॉलेज बघायला विमानाने जाण्याआधी हे करावं असं माझं स्पष्ट मत आहे.

आता एक हिशोब बघू. आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत, पण अशी पत्रं खरोखर येतात. समजा, मार्च संपता संपता तुम्हाला तीन कॉलेजांची प्रवेशाची आणि मदतीची पत्रं आली.

पहिलं कॉलेज खासगी आहे. छापील किंमत ८६,०००. कॉलेज स्वतःकडून ५५,००० देतंय. शेवटच्या ओळीत लिहिलंय : तुम्ही भरायचे ३१,०००.

दुसरं दुसऱ्या राज्यातलं सरकारी विद्यापीठ आहे. किंमत ५८,०००. शिष्यवृत्ती ६,०००, विद्यार्थ्याच्या नावावर ५,५००, पालकांच्या नावावर २०,०००, कॅम्पसवरचं काम २,५००. शेवटची ओळ : तुम्ही भरायचे २४,०००.

तिसरं आपल्याच राज्यातलं सरकारी विद्यापीठ. किंमत ३५,०००, शिष्यवृत्ती ५,०००. शेवटची ओळ : ३०,०००.

घाईत वाचलं तर दुसरं कॉलेज सगळ्यात स्वस्त वाटतं. पण "विद्यार्थ्याच्या नावावर" आणि "पालकांच्या नावावर" जे लिहिलंय ते कर्ज आहे. कर्ज म्हणजे व्याजासकट परत करायचे पैसे. कॅम्पसवरचं काम म्हणजे तुम्ही आठवड्याला काही तास लायब्ररीत किंवा कँटीनमध्ये काम करून मिळवायचे पैसे. ते आधी मिळत नाहीत. शिष्यवृत्ती आणि अनुदान एवढेच परत न करायचे पैसे. म्हणून प्रत्येक पत्रात एकच वजाबाकी करा : एकूण किंमत वजा शिष्यवृत्ती आणि अनुदान. मग दुसऱ्या कॉलेजची खरी किंमत निघते ५२,०००. तिसऱ्यापेक्षा वर्षाला २२,००० जास्त, चार वर्षांत ८८,००० जास्त! आणि ज्याची छापील किंमत सगळ्यात मोठी, ते पहिलं कॉलेज तिसऱ्याच्या जवळपास आलं.

अर्थात पहिल्या कॉलेजसारखं पत्र सगळ्यांना येत नाही. आई आणि बाबा दोघांचेही चांगले पगार असतील तर गरजेवर मिळणारी मदत कमी मिळते, कधी शून्य. इथे घरोघरी एक गैरसमज असतो : "आमचा मुलगा वर्गात पहिला आहे, त्याला हार्वर्डची स्कॉलरशिप मिळेल." हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि बाकीची आयव्ही लीग कॉलेजं गुणांसाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत. ती फक्त घरची परिस्थिती बघून मदत करतात. गुणांसाठी पैसे देणारी कॉलेजं वेगळी, आणि त्यांची नावं आई-बाबांनी अनेकदा ऐकलेलीही नसतात. दोन पगारांच्या घरातल्या मुलांनी यादी करताना अशी दोन-तीन कॉलेजं आणि आपल्या राज्याचं विद्यापीठ जरूर घालावं. रटगर्स किंवा यूटी ऑस्टिन घराजवळ आहे म्हणून कमी दर्जाचं ठरत नाही.

मदतीचा मुख्य अर्ज म्हणजे फॅफ्सा. आई-बाबांना समजावताना सांगा, हा इथला उत्पन्नाचा दाखला आहे. तो साधारणपणे १ ऑक्टोबरला सुरू होतो, दरवर्षी भरावा लागतो, आणि त्यात दोन वर्षांपूर्वीचं उत्पन्न धरतात. २०२७ च्या ऑगस्टमध्ये कॉलेजला जाणार असाल तर २०२५ चं. काही खासगी कॉलेजं सीएसएस प्रोफाइल नावाचा आणखी एक, जास्त खोलात जाणारा अर्ज मागतात. आपल्या घरांना लागू पडणाऱ्या दोन-तीन गोष्टी सांगतो. राहत्या घराची किंमत फॅफ्सात धरत नाहीत, पण पुण्यात भाड्याने दिलेला फ्लॅट ही गुंतवणूक आहे, ती दाखवावी लागते. आजी-आजोबांच्या औषधपाण्यासाठी दर महिन्याला भारतात पैसे जातात, त्यासाठी फॅफ्सात रकाना नाही. आणि दोन वर्षांपूर्वी बाबांची नोकरी होती, आता गेली असेल (आमच्या आयटीत हे नवीन नाही), तर अर्ज चुकीचं चित्र दाखवतो. अशा वेळी कॉलेजच्या आर्थिक मदत कार्यालयाला कागदपत्रांसह पत्र लिहून फेरविचाराची विनंती करता येते. यात लाजण्यासारखं काही नाही.

अजून एक गोष्ट, जी मोठ्या भावंडांबद्दल आहे. तुमचा जन्म इथला असेल तर तुम्ही अमेरिकन नागरिक आहात. आई-बाबा एच-वन व्हिसावर असले तरी तुम्हाला फॅफ्सा भरता येतो. पण तुमच्या ताईचा किंवा दादाचा जन्म नाशिकला झाला असेल आणि ग्रीन कार्ड अजून आलं नसेल, तर त्यांना केंद्र सरकारची मदत मिळत नाही. शिवाय एकविसाव्या वर्षी त्यांचा एच-फोर व्हिसा संपतो आणि दुसरा घ्यावा लागतो. एकाच घरात, एकाच टेबलावर अभ्यास केलेल्या दोन मुलांसाठी नियम वेगळे असतात. ताईने घराजवळचं कॉलेज का निवडलं हे तुम्ही कधी विचारलं नसेल, तर विचारा.

आता अर्ली डिसिजन. यात तुम्ही एकाच कॉलेजला, बहुतेक वेळा नोव्हेंबरमध्ये, लिहून देता की घेतलंत तर मी येणारच. त्या कागदावर पालकांचीही सही लागते. प्रवेशाची शक्यता अनेक ठिकाणी वाढते हे खरं, पण मग वर केली तशी तीन पत्रांची तुलना करता येत नाही. दिलेली मदत खरोखर अपुरी असेल तर नकार देता येतो, पण फक्त तेवढ्याच कारणासाठी. म्हणून सही करण्याआधी कॅल्क्युलेटरचा आकडा घरच्यांनी बघितलेला असायला हवा. अर्ली ॲक्शन वेगळं. त्यात उत्तर लवकर मिळतं आणि साधारणपणे १ मेपर्यंत विचार करायला वेळ राहतो.

हे सगळं करायचं तर घरी पैशांबद्दल बोलावं लागतं, आणि तिथेच गाडी अडते. मराठी घरांत मुलांना पगार सांगत नाहीत. तुम्ही विषय काढलात की उत्तर येतं, "पैशाचं तू नको बघूस, तू अभ्यास कर." ते प्रेमाने म्हणतात. पण मग एप्रिलमध्ये, हवं ते कॉलेज मिळाल्यावर, "जमणार नाही" हे ऐकायची वेळ येते, आणि ते सांगणं आई-बाबांनाही फार जड जातं. म्हणून आधीच, जमल्यास मराठीतच विचारा. "आपल्याला परवडेल का?" असं विचारू नका. त्याला सगळे आई-बाबा "हो" म्हणतात. त्याऐवजी असं विचारून बघा :

"बाबा, कर्ज न काढता दरवर्षी किती देता येतील?"
"आई, धाकट्याच्या कॉलेजसाठी किती बाजूला ठेवायचे आहेत?"
"मी कर्ज घेतलं तर ते कोण फेडणार, मी की तुम्ही?"

फेडणे म्हणजे कर्ज परत करणे. त्यावरून परतफेड हा शब्द झाला. उपकार फेडणे असंही म्हणतात, पण इथे तो अर्थ नाही.

स्वाध्याय

१. शिष्यवृत्ती, अनुदान, कर्ज, पगार : यांतले कोणते पैसे परत करावे लागतात? कोणते आधी काम करून मिळवावे लागतात?

२. एका पत्रात किंमत ७२,०००, अनुदान ३०,०००, विद्यार्थ्याच्या नावावर कर्ज ५,५०० असं आहे. खरी किंमत किती? शेवटच्या ओळीत बहुधा किती लिहिलेलं असेल?

३. आई किंवा बाबांना त्यांच्या कॉलेजची पहिल्या वर्षाची फी विचारा. ती कोणी भरली आणि कशी, हे दहा ओळींत लिहून आणा. आकडे लिहायचे की नाही, हे आधी त्यांनाच विचारा.