थकबाकीदार कुणीच नाही? एसक्यूएलमधल्या ‘नल’चा घोळ

डेटाबेसने एरर दिली, तर निदान चूक कुठे शोधायची ते कळतं. एरर न येता चुकीचं उत्तर आलं, तर ते चुकलंय हेच लक्षात येत नाही. त्याचं एक नेहमी आढळणारं उदाहरण पाहू.

समजा, एका मराठी मंडळाच्या डेटाबेसमध्ये दोन टेबलं आहेत. ‘सभासद’मध्ये १ ते ५ क्रमांकांचे पाच जण आहेत. ‘वर्गणी’मध्ये तीन नोंदी आहेत: सभासद १ ची, सभासद २ ची आणि गणपतीच्या पेटीत निनावी आलेल्या पैशांची. या तिसऱ्या नोंदीत सभासद क्रमांकाचा रकाना रिकामा, म्हणजे ‘नल’ आहे.

आता वर्गणी कुणाची यायची आहे? ज्यांचा क्रमांक वर्गणीच्या यादीत नाही ते सभासद दाखव, अशी ‘नॉट इन’ वापरून क्वेरी लिहिली. अपेक्षा ३, ४, ५ अशी. पण मिळतात शून्य ओळी! खजिनदाराला वाटणार, सगळ्यांनी पैसे भरले.

असं का होतं? ‘नल’ म्हणजे शून्य नव्हे, ‘नल’ म्हणजे ‘माहीत नाही’. सभासद ३ साठी डेटाबेस विचारतो: ३ हा १ पेक्षा वेगळा आहे? खरं. २ पेक्षा? खरं. ‘नल’पेक्षा? सांगता येत नाही, कारण ते पैसे ३ नंबरच्या सभासदाचेही असू शकतात. म्हणून एकूण उत्तर ‘अज्ञात’. आणि ‘व्हेअर’ फक्त ‘खरं’ ठरलेल्या ओळीच पुढे पाठवतं. ४ आणि ५ चंही तेच होतं.

उलट ‘इन’ वापरून पैसे भरलेले सभासद विचारले, तर १ आणि २ बरोबर येतात, कारण तिथे एक जुळणी सापडली की पुरे. म्हणूनच ही चूक लपून राहते.

शोधायची कशी?

१. बेरीज करा. भरलेले २, न भरलेले ०, पण सभासद ५. ताळा जुळत नाही.

२. कंसातली आतली क्वेरी एकटी चालवून पाहा.

३. वर्गणीच्या टेबलावर ‘काउंट’ तारांकन देऊन चालवा, मग रकान्याचं नाव देऊन. पहिलं उत्तर ३, दुसरं २. फरक तितके ‘नल’.

उपाय दोन: आतल्या क्वेरीत ‘इज नॉट नल’ ही अट घाला, किंवा ‘नॉट इन’ऐवजी ‘नॉट एग्झिस्ट्स’ वापरा. ‘बरोबर नल’ किंवा ‘नलपेक्षा वेगळं’ अशी तुलना मात्र करू नका. तिचंही उत्तर ‘अज्ञात’च येतं.