लाइकची पावती फाटत नाही

विश्वस्तांच्या बैठकीत एक वाक्य हमखास येते: 'काम चांगलं आहे आपलं, पण लोकांपर्यंत पोहोचत नाही.' मग कोणाच्या तरी कॉलेजात जाणाऱ्या भाचीला हाताशी धरून फेसबुकवर पान उघडले जाते, इन्स्टाग्रामवर रील सुरू होतात आणि वर्षअखेरीच्या कार्यअहवालात फॉलोअरचा आकडा दिमाखात येऊन बसतो. पोहोच वाढली की मदत मागोमाग येतेच, हा समज माझाही होता. तो सुटला एका आकड्यामुळे. सुदानमधल्या दार्फुरच्या हत्याकांडाविरुद्ध फेसबुकवर 'सेव्ह दार्फुर' या नावाने एक समूह उभा राहिला होता. त्यात सुमारे १२ लाख माणसे सामील झाली. त्यातल्या प्रत्येकाने किती पैसे दिले, किती जणांना सोबत आणले, याच्या संपूर्ण नोंदी संशोधकांनी तपासल्या आणि २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ९९.७६ टक्के सदस्यांनी एक पैसाही दिला नव्हता. हजारामागे अडीच माणसेही नाहीत. ही माणसे ढोंगी होती असे मला वाटत नाही. बटण दाबले आणि आपला वाटा उचलून झाला, असे त्यांना मनापासून वाटले असणार. गणपतीची वर्गणी मागायला आलेल्या पोरांना 'छान करताय रे' म्हणून दार लावून घ्यावे, तसा हा प्रकार. युनिसेफच्या स्वीडन शाखेने तर २०१३ मध्ये जाहिरातच केली होती, की तुम्ही आम्हाला लाइक केलेत तर आम्ही शून्य मुलांना पोलिओची लस देऊ.

यावर लगेच आइस बकेट चॅलेंजचा दाखला दिला जातो, आणि तो द्यायलाच हवा. २०१४ च्या उन्हाळ्यात लोकांनी डोक्यावर बर्फाचे पाणी ओतून घेतले आणि एएलएस या मज्जातंतूंच्या असाध्य आजारावर काम करणाऱ्या अमेरिकी संस्थेकडे साडेअकरा कोटी डॉलर जमा झाले. मग पोहोच फुकट गेली असे कसे म्हणायचे? पण त्या खेळाची घडण पाहा. तीन जणांची नावे घ्यायची, त्यांनी चोवीस तासांत एक तर पाणी ओतून घ्यायचे नाही तर पैसे द्यायचे. अनेकांनी दोन्ही केले. मागणी 'जगाला' नव्हती. मागणी नाव घेऊन, मुदत घालून, करण्याजोग्या एका कृतीची होती. चारचौघांत आपले नाव पुकारले गेले की माणूस मागे हटत नाही, हे आपल्याकडच्या वर्गणीवाल्यांना फेसबुकच्या आधीपासून ठाऊक आहे. दुसरी गोष्ट कमी सांगितली जाते. पैसे आल्यावर ती संस्था गप्प बसली नाही. किती रक्कम संशोधनाला गेली, किती रुग्णसेवेला, हे ती सांगत राहिली आणि २०१६ मध्ये त्या पैशांतून आधार मिळालेल्या संशोधनातून या आजाराशी संबंधित एका जनुकाचा शोध लागल्याचे जाहीर झाले, तेव्हा बादली ओतून घेतलेल्यांना आपल्या पैशांचे काय झाले हे कळले. आणि तरीही तशी लाट पुन्हा उठली नाही. जे ठरवून पुन्हा घडवता येत नाही, त्यावर संस्थेचे वार्षिक अंदाजपत्रक बेतता येत नाही.

उलट बाजूचे उदाहरण अधिक शिकवणारे आहे. ५ मार्च २०१२ रोजी अमेरिकेतल्या 'इनव्हिजिबल चिल्ड्रन' या संस्थेने युगांडातला बंडखोर म्होरक्या जोसेफ कोनी याच्यावर अर्ध्या तासाची फिल्म टाकली. सहा दिवसांत ती १० कोटी वेळा पाहिली गेली. कोणत्याही संस्थेचे स्वप्नच. पण कोनीच्या टोळ्या युगांडातून काही वर्षांपूर्वीच बाहेर पडल्या होत्या, हा तपशील फिल्मच्या आवेशात पातळ झाला. ज्यांचे दुःख दाखवले, त्यांच्यासमोर उत्तर युगांडातल्या लिरा शहरात ती दाखवली, तेव्हा लोक इतके खवळले की पुढचे खेळ थांबवावे लागले. २० एप्रिलच्या रात्री गावोगावी पोस्टर लावण्याची जी हाक दिली होती, तिला रस्त्यावर फारसे कोणी आले नाही. २०१४ च्या अखेरीस संस्थेने आपले बरेचसे काम गुंडाळत असल्याचे जाहीर केले. या सगळ्यातून मी एक साधी कसोटी उचलली आहे: ही पोस्ट ज्याच्याविषयी आहे, त्याला ती आधी वाचून दाखवता येईल का? वस्तीत, पाड्यावर, आश्रमशाळेत बसून? येत नसेल तर ती टाकू नये.

आपल्याकडे गावात चावडीवाचन होते. कोणाच्या नावावर किती जमीन, ही नोंद सर्वांसमोर वाचली जाते आणि चूक असेल तर तिथेच कोणीतरी उठून बोलतो. संस्थेने समाजमाध्यमाचा वापर दवंडीसारखा न करता असा करावा, एवढेच माझे म्हणणे आहे. 'लोकसत्ता' दरवर्षी गणेशोत्सवात 'सर्वकार्येषु सर्वदा' या उपक्रमात निवडक संस्थांची ओळख करून देतो आणि वाचक धनादेश पाठवतात. त्यात ना गाणे असते, ना थरार. संस्था कुठे आहे, काय करते, अडते कुठे, कशासाठी पैसे हवेत, हे सविस्तर सांगितलेले असते आणि वृत्तपत्राच्या विश्वासाची जोड असते. तो विश्वास उसना मिळतो तो एका वर्षापुरता. पुढचे संस्थेने स्वतः कमवायचे. 'आपल्या मदतीने परिवर्तन घडत आहे' या वाक्याने ते होत नाही. 'जूनमध्ये मागितलेल्या चाळीस सायकलींपैकी एकतीस मिळाल्या, नऊ अजून हव्यात, दोन पंक्चर होऊन पडून आहेत' अशा वाक्याने होते. पंक्चरचा उल्लेख गाळावासा वाटेल. गाळू नये. त्या दोन सायकलींमुळे एकतीसचा आकडा खरा वाटतो.

'हिशेब कोण वाचतो? चेहरा दाखवल्याशिवाय पैसे येत नाहीत,' हा आक्षेप अनुभवी माणसे घेतात आणि तो पोकळ नाही. डोळ्यांत पाणी आलेल्या मुलाचा फोटो खरोखरच जास्त फिरतो. पण बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या किंवा पीडित मुलाची ओळख उघड करता येत नाही; सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. कायदा बाजूला ठेवला, तरी ते मूल मोठे होणार आहे, नोकरीला लागणार आहे, लग्न करणार आहे. त्याच्या आठव्या वर्षीचा केविलवाणा चेहरा आपण पुसू म्हटले तरी दुसऱ्यांच्या फोनमधून पुसला जात नाही. मुलांच्या चपलांची रांग, रजिस्टरवरची हजेरी, स्वयंपाकघरात काम करणाऱ्या ताईंचा आवाज, यांनीही गोष्ट सांगता येते. थोडी कमी फिरेल. चालेल.

कारण फार फिरण्याचाही एक धोका आहे. कराचीतल्या एका बालसुरक्षा संस्थेने जनजागृतीसाठी फिल्म बनवली होती: मोटारसायकलवरून आलेले दोघे मूल उचलून नेतात आणि मग परत आणून सोडतात, हातात सावध करणारा फलक धरतात. २०१८ मध्ये तिचा शेवट छाटून उरलेला तुकडा भारतभर मुले पळवणाऱ्या टोळीचा म्हणून फिरला. अफवांच्या त्याच हंगामात १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षेकरी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने मारून टाकले. संस्थेचा हेतू चांगला होता, खुलासा शेवटी ठेवला होता, एवढेच. म्हणून संस्थेचे नाव आणि विषय प्रत्येक चौकटीत असावा. आवाहनावर तारीख असावी, मुदत असावी आणि गरज भागली की 'आता नको' असे तितक्याच ठळकपणे सांगावे. पुराच्या वेळी मागितलेले कपडे पूर ओसरून महिने झाले तरी येत राहतात. रक्त हवे असल्याचे संदेश तर रुग्ण घरी गेल्यावरही वर्षानुवर्षे फिरतात.

लहान संस्थेचा प्रश्न वेगळा असतो: हे करायला माणूस कुठून आणायचा? माझे उत्तर, कमी करा. महिन्यात दोन पोस्ट पुरेत. प्रत्येक जागतिक दिनाच्या आणि सणाच्या शुभेच्छा टाकल्या की संस्थेचे पान चौकातल्या फ्लेक्ससारखे दिसू लागते. ते बंद केले तरी निम्मा वेळ वाचतो. वाचलेला वेळ स्वतःच्या यादीवर घालावा. फेसबुकने जानेवारी २०१८ मध्ये मित्र आणि कुटुंबीयांच्या पोस्टना झुकते माप देण्याचे जाहीर केले. पान दुसऱ्याच्या जागेत आहे, याची आठवण त्याने करून दिली. देणगीदारांच्या परवानगीने ठेवलेली नावे, क्रमांक आणि ईमेल मात्र संस्थेचे असतात. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट लिस्टमधला संदेश, ज्यांनी संस्थेचा क्रमांक आपल्या फोनमध्ये साठवला आहे त्यांनाच पोहोचतो. तेव्हा पावती देतानाच 'हा नंबर सेव्ह करा' असे सांगणे दहा रीलपेक्षा कामाचे.

क्यूआर कोड टाकण्यापूर्वीही थांबावे. पोस्ट न्यू जर्सीतल्या मराठी माणसापर्यंतही जाते. त्याच्याकडे भारतीय पासपोर्ट असेल आणि तो रीतसर बँकेतून पैसे देत असेल तर अडचण नाही. त्याने अमेरिकेचे नागरिकत्व घेतले असेल, तर त्याची देणगी विदेशी ठरते. मग तो कोल्हापूरचा असो की कणकवलीचा. त्यासाठी विदेशी देणग्यांच्या कायद्याखाली संस्थेची नोंदणी (एफसीआरए) लागते आणि पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. हे दोन ओळींत कोडाखाली लिहिता येते. फार थोडे लिहितात.

आणि पानाचा पासवर्ड निदान दोघांकडे असावा. भाची पुढे शिकायला बंगळुरूला जाते. जे कोणी पान सांभाळेल, त्याने नवी पोस्ट टाकण्याआधी जुन्या पोस्टखाली काय लिहिले आहे ते वाचावे. 'मी शनिवारी येऊ शकतो, काय काम असतं?' असे कोणीतरी तीन आठवड्यांपूर्वी विचारलेले असते. हजारातल्या त्या अडीच माणसांपैकी तो एक असतो. त्याच्या प्रश्नाखाली बहुतेक वेळा संस्थेचे उत्तर नसते. दुसऱ्याच कोणी टाकलेले जोडलेले हात असतात.