ईटीपीवर रुजू होताना

डोंबिवली एमआयडीसीत ईटीपीवर, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटवर, लागतोयस, म्हणून चार गोष्टी कानावर घालतो. आपल्याला छळतं ते पाम तेल. पामची फळं गाळून तेल काढणाऱ्या बहुतेक गिरण्या मलेशिया-इंडोनेशियात. तिथलं सांडपाणी कढत नि आंबट, बीओडी (घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) लिटरमागे २५,००० मिलिग्रॅमच्या घरात. ते आधी हवेविना कुजवतात, मग हवा देतात. आपल्याकडे येतं ते तेल. फरसाण, साबण, टँकरची धुलाई यांतून तेच गटारात उतरतं. नदीत सोडायच्या पाण्याची मर्यादा मात्र बीओडी ३०, तेल-ग्रीस १०.

म्हणून आधी तेल अडव. ऑइल ट्रॅपचं झाकण रोज सकाळी स्वतः उघडून बघ. पाम थंडीत थिजतं, जानेवारीच्या पहाटे पाइपात पांढरट थर धरतो. हे तेल एरेशन टाकीत, म्हणजे जिवाणूंना हवा देतो तिथे, गेलं की जिवाणूंवर लेप बसतो, स्लज (जिवाणूंचा गाळ) तरंगायला लागतो. मग ब्लोअर कितीही चालव, उपयोग नाही.

मीटरवर विसंबू नकोस, जार लाव. एरेशन टाकीतलं पाणी एक लिटरच्या जारमध्ये भर आणि अर्धा तास हात लावू नकोस. तपकिरी स्लज पाव-तिसरा हिस्सा बसला, वर पाणी नितळ, तर जिवाणू खुशीत आहेत. वर गढूळ राहिलं तर तेल किंवा कॉस्टिक आलंय. स्लज फुगून बसेचना, तर हवा नाहीतर खत कमी. बसलेला तासाभरात परत वर आला, तर क्लॅरिफायरच्या तळाशी स्लज साचतोय, तो लवकर ओढ. वासही घे: ओल्या मातीचा चांगला, सडक्या अंड्याचा वाईट.

तेलकट पाण्यात नत्र जवळपास नसतंच. बीओडी १०० तर नत्र ५, स्फुरद १. युरिया-डीएपी विरघळवून थोडं थोडं सोड. सुट्टीच्या दिवशीही ब्लोअर बंद करायचा नाही.

रात्री कुणी बायपासचा व्हॉल्व्ह उघडायला सांगेल. उघडू नकोस. ते शुद्ध न केलेलं पाणी नाल्यातून थेट कल्याणच्या खाडीला जातं. उल्हास-वालधुनी नद्यांचे हाल आपण डोळ्यांनी पाहिलेत. २०१५ मध्ये त्यापायी हरित लवादाला कोट्यवधींचा दंड ठोठावावा लागला. साहेब रागावले तरी चालतील, मासे मेलेले मला बघवत नाहीत.

आणि स्लज मेलाच, तर नुसत्या शेणावर भागवू नकोस. चालू प्लांटचा ताजा स्लज टँकरने आण, पाव भाग पाण्यावर सुरू कर, जार बघत बघत वाढव.