मुले मारामारी कोठे शिकतात?

भातुकली मांडून बसलेली मुले तुम्ही कधी दूर उभे राहून पाहिली आहेत का? जरूर पाहा. आपण पाहतो आहोत हे मात्र त्यांना कळू देऊ नका. एक मुलगी आई होते. पदर खोचून चूल पेटवते आणि मांडीवरच्या बाहुलीला दटावते, “गप बैस! सारखी किरकिर! देऊ का एक ठेवून?” लगेच बाहुलीच्या पाठीत धपाटा बसतो. एक मुलगा बाप होतो. तो बाहेरून येतो आणि आल्या आल्या ओरडतो, “अजून भाकर झाली न्हाई?” शब्द बापाचे, आवाज बापाचा, हात उगारायची तऱ्हाही बापाचीच.

हे त्यांना कोणी शिकवले? कोणीच शिकवले नाही. तरी ती शिकली.

गावात यावर एक ठरलेले उत्तर असते. “रक्तातच आहे त्याच्या. आजा तापट, बाप तापट, मग पोरगं कुठं निराळं निघणार? खाण तशी माती!” उत्तर मोठे सोयीचे आहे. दोष रक्तावर टाकला की कोणाला काही करायला नको. पण ते खरे आहे का? याचा छडा लावण्यासाठी एका गृहस्थांनी प्रयोग केला. त्याचीच हकिगत आज आम्ही सांगत आहोत.

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात स्टॅनफर्ड नावाचे विद्यापीठ आहे. तेथे अल्बर्ट बांडुरा हे प्राध्यापक होते. माणसाचे मन कसे चालते, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. त्यांचा जन्म १९२५ साली कॅनडा देशातल्या एका लहानशा गावी झाला. २०२१ साली ते वारले. डोरोथिया रॉस आणि शीला रॉस या दोघी त्यांच्या सहकारी होत्या. तिघांनी मिळून केलेला हा प्रयोग १९६१ साली छापून प्रसिद्ध झाला.

विद्यापीठाच्या बालवाडीतली ७२ मुले त्यांनी घेतली. ३६ मुलगे, ३६ मुली. वय तीन वर्षांपासून जवळजवळ सहा वर्षांपर्यंत. त्यांचे २४-२४ चे तीन गट केले.

पहिल्या गटातल्या मुलाला एकेकटे एका खोलीत नेत. एका कोपऱ्यात त्याला चित्रे करायला बसवीत. समोरच्या कोपऱ्यात एक मोठे माणूस बसे. कधी पुरुष, कधी बाई. त्याच्याजवळ खेळातली एक हातोडी आणि ५ फूट उंचीची, हवा भरलेली एक बाहुली असे. जत्रेत डोलणारी बाहुली मिळते ना, ढकलली तरी पुन्हा उभी राहणारी, तसलीच; फक्त माणसाएवढी. तिचे नाव बोबो. हे मोठे माणूस मिनिटभर गुपचूप खेळे. मग उठून बाहुलीला आडवी पाडी, तिच्यावर बसून नाकावर ठोसे मारी, डोक्यात हातोडी घाली, वर फेकी, लाथांनी खोलीभर तुडवी. तोंडाने चालूच, “मार नाकावर! घाल लाथ!” असे सुमारे दहा मिनिटे. मुलाला कोणी म्हटले नाही की इकडे बघ. कोणी म्हटले नाही की तूही असेच कर.

दुसऱ्या गटातल्या मुलांसमोरचे माणूस शांतपणे आपले खेळत बसे. बाहुलीकडे ते बघतही नसे. तिसऱ्या गटाला असे कोणीच दाखवले नाही.

यानंतर सगळ्या मुलांना थोडे चिडवले. चांगली चांगली खेळणी पुढे ठेवली, आणि मूल रमले न रमले तोच सांगितले, ही दुसऱ्या मुलांसाठी आहेत. मग निराळ्या खोलीत नेले. तेथे बाहुल्या, मोटारी, चहाची भांडी, रंगीत खडू अशी खेळणी होती. हातोडी होती, आणि एक लहान बोबोही होता. एका बाजूनेच दिसते अशा काचेआडून अभ्यासक वीस मिनिटे पाहत राहिले.

काय दिसले? ज्यांनी मारहाण पाहिली होती त्या मुलांपैकी पुष्कळांनी ती जशीच्या तशी केली. तसेच वर बसणे, तसेच नाकावर ठोसे, तेच शब्द! बाकीच्या दोन गटांत बहुतेकांनी असले काही केले नाही. हातांनी मारण्यात मुलगे मुलींच्या पुढे होते. पुरुषाला मारताना पाहिले की मुलगे अधिकच चेव धरीत. याउलट, शांत पुरुष पाहिलेली मुले काही बाबतींत तिसऱ्या गटापेक्षाही शांत राहिली.

आता रक्ताचे काय? ते मोठे माणूस मुलाचे बाप नव्हते, काका नव्हते, की शेजारी नव्हते. दहा मिनिटांची ओळख! काही मुले जन्मतःच जरा तापट असतात, हे आम्ही नाकारीत नाही. पण नाकावर ठोसा कसा घालावा आणि घालताना काय ओरडावे, हे काही रक्तातून येत नाही. ते डोळ्यांनी आणि कानांनीच आत जाते.

पुढे १९६३ साली त्यांनी हाच प्रकार पडद्यावर दाखवून पाहिला. त्याचाही तसाच परिणाम झाला. घरोघरी मोबाईल आहे, म्हणून ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

काही जाणत्यांनी यावर आक्षेप घेतला, की बाहुलीला मारणे म्हणजे माणसाला मारणे नव्हे. आणि आज पाहिलेले मुलात वर्षभर टिकेलच कशावरून? आक्षेप रास्त आहे. या एका प्रयोगावरून सगळे काही ठरत नाही. पण १९६५ सालचा प्रयोग पाहा. आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा तोच.

या वेळी चित्रपटाचा शेवट तीन तऱ्हांचा होता. मारणाऱ्याला काही मुलांनी शाबासकी व खाऊ मिळताना पाहिले, काहींनी शिक्षा होताना. बाकीच्यांना त्याचे बरेवाईट काहीच झालेले दिसले नाही. शिक्षा पाहिलेल्या मुलांनी नक्कल कमी केली. म्हणजे ती शिकली नाहीत, असे आपण म्हणू. पण बांडुरांनी तेवढ्यावर सोडले नाही. त्यांनी मुलांना सांगितले, पडद्यावर पाहिलेले जेवढे करून दाखवाल तेवढा फळांचा रस आणि चित्रे मिळतील. काय सांगावे! तिन्ही गटांतल्या मुलांनी सारखेच करून दाखवले. मुलीही मुलग्यांच्या जवळपास आल्या. शिकली सगळीच होती. कोणी दाखवत होते, कोणी पोटात ठेवून होते, इतकेच.

धाकाने मूल गप्प बसते, ते असे. थोरल्याने धाकट्याला मारले म्हणून बाप थोरल्याच्या दोन थोबाडीत देतो आणि म्हणतो, “पुन्हा मारशील त्याला?” मूल म्हणते, “न्हाई.” बापापुढे ते खरेच मारीत नाही. पण मोठ्याने लहानाला कसे मारायचे, याचा धडा बापाने त्याला नुकताच दिलेला असतो. शाळेतली छडी २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंद केली. घरातला हात आपला आपणच आवरायचा आहे. दोघांना अलग करावे, मारणाऱ्याचा हात धरावा, आपला आवाज चढू देऊ नये. राग ओसरला की मग विचारावे, “काय झालं होतं?” याला वेळ लागतो, हे खरे.

आणखी एक. बांधावरून दोघा भावांची जुंपते, तेव्हा सारी पोरे गोळा होऊन पाहतात. शिव्या ऐकतात, उगारलेली काठी पाहतात. पुढे आठ दिवसांनी कोणी वडीलधारे मध्ये पडतात आणि भाऊ ओसरीवर समेटाला बसतात. त्या वेळी आपण काय करतो? “जा रे पोरांनो, बाहेर खेळा, मोठ्यांचं बोलणं चाललंय.” असे करू नका. पोरांना तिथेच कोपऱ्यात बसू द्या. चहा येईल त्यातला घोटभर त्यांनाही द्या.