जिवाणू खत : दुकानातील जिवंत माल

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत कारखाने उभे राहिले, तरी खेड तालुक्यातील शेती संपलेली नाही. बाजार समितीच्या चाकण आवारात आजही कांदा, बटाटा व भाजीपाला येतो. आपले बागवान बांधव तर पिढ्यान्‌पिढ्या भाजीच्या धंद्यात आहेत. जे तरुण खत-बियाण्यांचे दुकान काढू इच्छितात, त्यांच्यासाठी जिवाणू खताची ही माहिती देत आहोत.

हवेत सुमारे ७८ टक्के नत्र आहे, पण पिकाला ते थेट घेता येत नाही. युरिया वारेमाप टाकला तर वाया गेलेले नत्र झिरपून विहिरीच्या पाण्यात उतरते. जिवाणू हेच काम स्वस्तात करतात. रायझोबियम वाटाणा, घेवडा अशा शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवर गाठी करून नत्र पुरवतो. वांगी, टोमॅटो, मिरची, कांदा यांना ॲझोटोबॅक्टर किंवा ॲझोस्पिरिलम वापरतात. तिसरे जिवाणू जमिनीत अडकलेले स्फुरद विरघळवतात. म्हणून गिऱ्हाइकाला आधी पीक विचारावे, मग पाकीट द्यावे.

वापर सोपा आहे. १० किलो बियाण्यास २५० ग्रॅम पावडर गुळाच्या थंड पाण्यात कालवून हलक्या हाताने चोळावी, बी सावलीत सुकवून लगेच पेरावे. रोपे असतील तर मुळे द्रावणात बुडवून लावावीत. बुरशीनाशक लावायचे असल्यास ते आधी लावावे. रासायनिक खतात हे खत मिसळू नये. जमिनीत शेणखत हवे. रासायनिक खत एकदम बंद न करता हळूहळू कमी करावे.

आता व्यापाराची गोष्ट. आम्ही कापडवाले. कापडाची गाठ वर्षभर गोदामात राहिली तरी बिघडत नाही, आणि दोष असला तर गिऱ्हाईक हात लावून ओळखते. जिवाणू खत तसे नाही. उन्हात, पत्र्याखाली ठेवले की जिवाणू मरतात आणि पाकीट मात्र तसेच दिसते. शेतकऱ्याला ते कळत नाही. हंगाम गेला तरी तो दोष पावसाला देतो, दुकानदाराला नाही. धोका इथेच आहे.

खत नियंत्रण आदेश १९८५ चा. त्यात २००६ साली जिवाणू खते आली. पावडरीच्या एका ग्रॅममध्ये किमान ५ कोटी जिवंत जिवाणू हवेत, असे त्यात ठरले. ही मोजणी प्रयोगशाळेतच होते. दुकानदाराच्या हाती तीन गोष्टी आहेत : अधिकृत परवाना घेणे, थंड व सावलीची जागा ठेवणे आणि मुदत संपलेले पाकीट फेकून देणे. हंगामापुरताच माल भरावा. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातही ही खते तयार होतात. तेथे जाऊन माहिती घ्यावी.

मदीनेच्या बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून हुजूर (स.) यांनी आतला ओलावा पाहिला आणि भिजलेले धान्य वर का ठेवले नाही, असे विचारले, हे आपण जाणतो. मेलेले जिवाणू म्हणजे ढिगाखालचे तेच ओले धान्य. दोन-चार पाकिटांचा तोटा सोसावा, पण शेतकऱ्याचा हंगाम बुडवू नये. अल्लाह आपल्या रोजीत बरकत देवो.